पहिली सहामाही, फिलाडेल्फिया १८८३

सोमवार, १ ऑक्टोबर १८८३. फिलाडेल्फियाच्या पोस्टात तुम्ही रांगेत उभे आहात. आज गर्दी आहे, कारण देशातल्या देशात पत्र पाठवायला आजपासून तीनऐवजी दोनच सेंट पडणार आहेत. नवं तिकीटही आजच निघालंय, विटकरी रंगाचं, वॉशिंग्टनचा चेहरा असलेलं. पुढचे गृहस्थ एक तिकीट हातात धरून बारकाईने बघतात, मग आणखी घेतात. टपाल स्वस्त झालं की माणसांना विसरलेले नातेवाईक आठवतात.

खिशातला फोन काढू नका. त्याला रेंज मिळायला अजून शंभरेक वर्षं आहेत. खरं तर रांगेत उभं राहायचीही गरज नव्हती, कारण इथे तुम्ही कुणाला दिसत नाही. सवयीने उभे राहिलात.

या सहलीच्या अटी थोड्या आहेत. हवं तिथे जा, हव्या त्या बाकावर बसा, पण जिच्यासाठी आपण आलो आहोत तिच्याशी बोलायचं नाही आणि तिच्या तोंडी आपली वाक्यं घालायची नाहीत. ते काम श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’पासून नाटक-सिनेमांपर्यंत पुष्कळांनी केलंय, आणि तो त्यांचा हक्कच आहे. आपण तिच्या आजूबाजूचं बघायचं: खोली, वर्ग, ताट, घड्याळ, टपाल. पुरुष वाचकांनी बावरू नये. आपण जातोय त्या कॉलेजात विद्यार्थी म्हणून त्यांना प्रवेश नाही, पण वर्गात मागे बसायला हरकत नाही.

आनंदीबाई गोपाळराव जोशी. माहेरची यमुना, कल्याणची. वय साडेअठरा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, ते दहा दिवसांत गेलं. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीत बसली आणि ४ जूनला न्यू यॉर्कला उतरली. नवरा श्रीरामपूरला, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नव्हे, हुगळीकाठच्या. तिथे ते टपाल खात्यात नोकरी करतात. ही टपालाची गोष्ट लक्षात ठेवा.

मधले महिने तिने न्यू जर्सीतल्या रोझेल नावाच्या छोट्या गावात काढले, थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे. त्यांना ती मावशी म्हणते. या मावशीची ओळख कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं गोपाळरावांचं पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आलं होतं, खाली संपादकांचा ‘आधी ख्रिस्ती व्हा’ असा सल्ला जोडून. दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या हाती १८८० मध्ये ते मासिक पडलं. दवाखान्यात ठेवलेली मासिकं तेव्हाही जुनीच असायची. शिळं मासिक, दुखरी दाढ आणि एका अनोळखी बाईला आलेली कणव, एवढ्या भांडवलावर हा प्रवास उभा राहिलाय. आजच्या प्रवेशप्रक्रियेत हे कुठल्या रकान्यात भराल?

रोझेलबद्दल आणखी एक सांगायला हवं. याच वर्षी, म्हणजे १८८३ च्या जानेवारीत, एडिसनने त्या गावात डोक्यावरून तारा नेऊन विजेचे दिवे लावून दाखवले होते. तशा पद्धतीने उजळलेलं ते पहिलंच गाव. म्हणजे बंगालातल्या समईच्या उजेडातून ही मुलगी थेट विजेच्या गावात उतरली आणि शिकायला मोठ्या शहरात आली तेव्हा पुन्हा गॅस आणि रॉकेलच्या दिव्याकडे गेली. परदेशात गेलेल्याला आपण सरसकट ‘पुढारलेल्या’ जागी गेला असं म्हणतो. प्रत्यक्षात तो एका रस्त्यावर पुढे आणि दुसऱ्या रस्त्यावर मागे जात असतो.

चला, कॉलेज गाठू. घोड्यांच्या ट्राममध्ये चढा. पैसे कुणी मागणार नाही. ब्रॉड स्ट्रीट आणि मार्केट स्ट्रीट मिळतात त्या चौकात सिटी हॉलचं काम चालू आहे. १८७१ ला सुरू झालं, १९०१ ला संपेल, हे तुम्हाला ठाऊक, बाकी प्रवाशांना नाही. शेजारी वॉनामेकरचं प्रचंड दुकान, त्यात विजेचे दिवे. मग उत्तरेकडे वळून नॉर्थ कॉलेज अॅव्हेन्यू. एका बाजूला उंच दगडी भिंत लांबच लांब जाते. ती जिरार्ड कॉलेजची, अनाथ मुलांच्या निवासी शाळेची. देणगीदार स्टीफन जिरार्ड यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलंय की कुठल्याही पंथाच्या धर्मोपदेशकाला या आवारात पाऊल टाकू द्यायचं नाही. भिंतीपलीकडे पाद्र्याला मज्जाव, आणि भिंतीअलीकडे एका ब्राह्मण मुलीला ख्रिस्ती करायची इच्छा बाळगणाऱ्या सज्जनांची वाण नाही. ती मात्र निघतानाच श्रीरामपूरच्या जाहीर सभेत सांगून आलीय की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन.

एकविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. स्थापना १८५०. शेजारी बायकांचं इस्पितळ. ते १८६१ मध्ये निघालं, कारण इतर इस्पितळं या विद्यार्थिनींना खाटेजवळ फिरकू देत नव्हती. चौदा वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, इथल्या मुली पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये व्याख्यान ऐकायला गेल्या तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली, कागदाचे बोळे मारले, अंगावर तंबाखूच्या पिचकाऱ्या टाकल्या. या कॉलेजात शिरणाऱ्या प्रत्येकीला ती गोष्ट कधी ना कधी सांगितली जात असणार. तेव्हा आनंदीबाईला इथे परकं वाटलं असेल ते साडीमुळे, जेवणामुळे, भाषेच्या हेलामुळे. बाई असून डॉक्टर व्हायला निघाली म्हणून नव्हे. हिंदुस्थानात ती त्या कारणाने परकी होती, रस्त्यात लोक थांबून बघत, काहीबाही फेकत. इथे त्या एका बाबतीत ती चारचौघींतली आहे. पहिल्या सत्रात एवढी एक गोष्ट जमून आली तरी माणूस तगतो.

डीन आहेत रेचल बॉडली. रसायनशास्त्राच्या प्राध्यापक, वनस्पतिशास्त्राचाही व्यासंग, १८७४ पासून या खुर्चीवर. हिंदुस्थान त्यांना नकाशापुरता माहीत आहे असं नाही. इथूनच १८६९ मध्ये डॉक्टर झालेली क्लॅरा स्वेन दुसऱ्याच वर्षी बरेलीला गेली आणि तिकडची पहिली स्त्री मिशनरी डॉक्टर ठरली. सासरी गेलेल्या मुलीच्या पत्रांसारखी परदेशी गेलेल्या विद्यार्थिनींची पत्रं या इमारतीत येत असतात. बरेलीची वाट इथून पाठ आहे, पण हिंदुस्थानाकडून इकडे आलेली ही पहिलीच.

मागच्या बाकावर बसा. वर्ग उतरत्या पायऱ्यांचा, बाकं टणक, मध्ये टेबल. दिवसभर व्याख्यानं. फळ्यावर कमी, तोंडी जास्त, आणि तुम्ही जमेल तेवढं उतरवून घ्यायचं. आता जरा विचार करा. इंग्रजी तुम्हाला येतं. वाचता येतं, लिहिता येतं. पण अख्खा दिवस, न थांबता, नाकातून बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत हाडांची लॅटिन नावं ऐकायची, ती कानावर पडताच कागदावर उतरवायची, आणि उद्या त्यावर प्रश्न विचारले तर उभं राहून उत्तर द्यायचं. पहिल्या आठवड्यात तुमच्या वहीत निम्मी वाक्यं अर्धवट असतात. क्रियापद येईपर्यंत व्याख्याता पुढच्या हाडावर गेलेला असतो. तिने रात्री जागून वह्या पुऱ्या केल्या असतील, असं म्हणायला पुराव्याची गरज नाही. परभाषेत शिकलेला कुणीही सांगेल.

औषधिद्रव्यांच्या वर्गात मात्र थोडा वेळ रेंगाळा. हा विषय डॉ. क्लॅरा मार्शल शिकवतात. बरण्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर लॅटिन चिठ्ठी. झाकण उघडतं आणि तुम्ही चमकता. वेलदोडा. पुढची बरणी: सुंठ. पुढची: लाल मिरची. मग सोनामुखी, मग कुचला, मग अफू. अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशात यातलं सगळं आहे आणि त्यातल्या सोनामुखीचा एक प्रकार तर तिरुनेलवेलीच्या नावाने ओळखला जातो. सुंठेची बरणी हातोहात फिरते. बाकीच्या मुली वास घेऊन वहीत गुणधर्म लिहितात: पाचक, वायुनाशक, मात्रा अमुक इतके ग्रेन. ज्या मुलीने आजीच्या हाताखाली घर चालवलंय तिला या बरणीत शिकण्यासारखं काय आहे? आहे. मात्रा आहे. आजीच्या चिमटीला इथे वजन दिलेलं आहे. उगाच ‘आमच्याकडे हे सगळं होतंच’ म्हणून नाक उडवणाऱ्यांनी ही चिमटी आणि हे ग्रेन यांतलं अंतर एकदा मोजून बघावं. तेवढ्यासाठी ही मुलगी दोन समुद्र ओलांडून आलीय.

आता जेवण. शाकाहार ती सोडत नाही. घरमालकिणीच्या टेबलावर मांसाचं ताट मध्ये येतं आणि त्याच्या कडेला जे काही उरतं ते तुमचं: पाव, लोणी, उकडलेला बटाटा, दूध. भाजी असेल तर तीही उकडलेली, फोडणीविना. पहिले चार दिवस हे ठीक वाटतं. तिसऱ्या आठवड्यात बटाट्याकडे बघवत नाही. आजच्या मुलांना कुकर आणि गोडा मसाला बॅगेत टाकून धाडणाऱ्या आया काय करतात ते इथे येऊन कळतं. त्या पोरांचं पोट तर भरतातच, शिवाय थंडीत टिकायची ताकद देतात. इथे ती ताकद दुधावर मिळवायची आहे.

आणि थंडी येतेय. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. इथल्या बायकांचे झगे घोट्याखाली लोळतात, त्यामुळे ते चमत्कारिकही दिसतं आणि गारठाही झोंबतो. तिने साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केलीय. साडी सोडलेली नाही, नेसण बदललंय. हा एवढा बदलही घरी पत्राने कळवावा लागतो, कारण तिकडे मंडळी टपून बसली आहेत: मडमेचा झगा घातला का, मांस खाल्लं का, बाटली का. ऑक्टोबर सरता सरता दिवाळी येते. शहराला त्याचा पत्ता नाही. वर्ग चालू आहेत.

दिवाळीनंतर, थंडी नीट पडली की, शवविच्छेदन. हे हिवाळ्यातच चालतं, कारण प्रेतं टिकायला दुसरा उपाय फारसा नाही. उन्हाळ्यात शरीरशास्त्र पुस्तकातून, हिवाळ्यात टेबलावर. वर जाणाऱ्या जिन्यातच वास येतो. आत लाकडी टेबलं, एका टेबलाभोवती तीन-चार जणी, प्रत्येकीच्या अंगावर जाड एप्रन. एकीने हात घ्यायचा, दुसरीने पाय. त्वचा सोडवायची, चरबी काढायची, मग पांढरी दोरी दिसते तो मज्जातंतू. तो तुटला तर त्या दिवसाचं काम गेलं.

टेबलावरचा माणूस कोण, हा प्रश्न तुमच्या मनात यायला हवा, आणि या शहरात याच वर्षी तो फार मोठ्याने विचारला गेलाय. गेल्या डिसेंबरात इथल्या एका वृत्तपत्राच्या बातमीदारांनी लेबनन दफनभूमीतून प्रेतं चोरून नेणारी गाडी पकडून दिली. ती दफनभूमी काळ्या लोकांची. प्रेतं जात होती जेफरसन मेडिकल कॉलेजकडे. शरीरशास्त्राची प्रात्यक्षिकं घेणारे डॉ. फोर्ब्स यांच्यावर खटला चालला, ते निर्दोष सुटले. मग १३ जून १८८३ रोजी, म्हणजे आनंदीबाई न्यू यॉर्कला उतरल्यावर नवव्या दिवशी, पेनसिल्व्हेनियाने नवा कायदा केला. ज्यांचं प्रेत न्यायला कुणी येत नाही आणि ज्यांना सरकारी खर्चाने पुरावं लागतं, त्यांची शरीरं एका मंडळामार्फत वैद्यकीय शाळांना वाटून द्यायची. तेव्हा या हिवाळ्यात टेबलावर जे आहे ते कायदेशीर आहे. म्हणजे ते गरिबाचं आहे. चोरी थांबली आणि वाटप सुरू झालं. याच कॉलेजातून १८६७ मध्ये रेबेका कोल ही काळी डॉक्टर बाहेर पडली. लेबननमध्ये पुरलेल्यांत तिची माणसं असतीलही. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या मुलीने प्रेताला हात कसा लावला असेल, याचं आपल्याकडे फार कौतुक होतं. मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की ते प्रेत कुणाचं आहे याची चौकशी शहराने तिच्या पहिल्याच वर्षी, उशिरा का होईना, केली.

आता टपाल.

श्रीरामपूरला पत्र जायला चार-पाच आठवडे. न्यू यॉर्कहून बोटीने इंग्लंड, तिथून आगगाडीने इटलीचं टोक, मग सुवेझ, मुंबई, पुन्हा आगगाडी, कलकत्ता. उत्तर यायला तितकेच. म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर डिसेंबरात. तार आहे, समुद्राखालून जाते, दिवसात पोचते, पण ती शब्दाला पैसे मोजणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी आणि सरकारसाठी. कारकुनाच्या बायकोसाठी नव्हे.

हा उशीर तुम्ही जगून बघा, कारण या सत्रातलं खरं अवघड तेच आहे. तुम्हाला ताप आला, तुम्ही ते लिहिलं. पत्र निघालं आणि चार दिवसांत तुम्ही बरे झालात. पाच आठवड्यांनी तिकडे घाबरगुंडी उडते. तिकडून काळजीचं, सल्ल्याचं, थोडं रागाचंही पत्र निघतं, कारण काळजी करणाऱ्याला रागावायचा अधिकार असतो. ते तुमच्या हातात पडतं तेव्हा तुम्ही भलत्याच विवंचनेत आहात. ताप विसरलात. पण राग ताजा आहे, कारण कागदावर तो शिळा होत नाही. त्याला तुम्ही उत्तर देता. तोवर तिकडची माणसं शांत होऊन, तुमचं मधलं पत्र वाचून, प्रेमाने दुसरंच लिहून बसली आहेत. दोन्ही पत्रं एडनच्या आसपास कुठेतरी एकमेकांना ओलांडून जातात.

गोपाळरावांची काही पत्रं बोचरी होती, हे आज सगळ्यांना माहीत आहे. संशय, टोमणे, उपदेश. तिनेही काही ठिकाणी ताठ मानेने उत्तरं दिली. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये तिचं चरित्र लिहिलं तेव्हा या पत्रव्यवहाराला त्यात जागा मिळाली. त्यावरून गोपाळरावांना खलनायक करायची सोय आहे, आणि त्यांच्या स्वभावात त्याला भरपूर साहित्यही आहे. ज्याने हट्टाने, मारूनमुटकून बायकोला शिकवलं तोच ती हाताबाहेर जाताना बघून कासावीस होतो, यात नवल नाही. पण मला वाटतं त्या बोचरेपणातला काही वाटा अंतराचाही आहे. समोरासमोरचं भांडण रात्री मिटतं. हे भांडण दर फेरीला दोन-अडीच महिने घेत होतं. टपाल खात्यातल्या माणसाला कुठली थैली कुठल्या दिवशी बोटीला लागते ते पाठ असणार. त्याचा उपयोग वाट बघणं अधिक असह्य करण्यापलीकडे काय होणार?

आज तुमची मुलगी लीड्सला किंवा डॅलसला आहे. रात्री अकराला तिचा चेहरा पडद्यावर येतो. तिने काय खाल्लं ते तुम्हाला ती खात असताना दिसतं. हे सुख आहे, यात वाद नाही. पण ती पहिले काही महिने तिथे असते की तुमच्या दिवाणखान्यात, हेही एकदा बघा. १८८३ च्या मुलीला ती मुभा नव्हती. ती जिथे होती तिथेच तिला असावं लागत होतं, पूर्णवेळ.

१८ नोव्हेंबर, रविवार. लवकर उठा, कारण आज अमेरिका आपली घड्याळं बदलणार आहे. आजवर प्रत्येक मोठ्या शहराची वेळ वेगळी, आणि रेल्वे कंपन्यांच्या मिळून पन्नासच्या आसपास वेगवेगळ्या प्रमाणवेळा. आज दुपारी रेल्वेने देशाचे पट्टे पाडलेत. न्यू यॉर्कला घड्याळ जवळजवळ चार मिनिटं मागे घेतलं जातं, त्यामुळे तिथे आज दोनदा बारा वाजतात. बॉस्टनला सोळा मिनिटांचा फरक. आणि फिलाडेल्फियाला? पंचाहत्तरावं रेखावृत्त, ज्यावर हा सगळा पूर्वेचा पट्टा बेतलाय, ते या शहराला जवळजवळ चाटून जातं. इथलं घड्याळ जेमतेम अर्धं मिनिट पुढे सरकतं. देशभर गाजावाजा झालेल्या घटनेत तुम्ही अशा गावी आहात जिथे काहीच घडत नाही. काळातून प्रवास करून आलेल्याने हे मनाला लावून घेऊ नये.

ती जिथून आली तिकडेही एक वेळ नाही. मुंबईच्या पुढे मद्रास अर्धा तास, मद्रासच्या पुढे कलकत्ता अर्ध्या तासाहून थोडं जास्त, आणि आगगाड्या मद्रासच्या घड्याळावर. भारतीय प्रमाणवेळ यायला १९०६ उजाडेल. ‘तिकडे आत्ता किती वाजले असतील’ हा परदेशी गेलेल्या प्रत्येकाचा चाळा १८८३ मध्ये कुणाला सहजासहजी करता येत नव्हता, आणि करून उपयोगही नव्हता. त्या वेळी तिकडे कोण जेवत असेल हे कळून पत्र लवकर जात नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आकाश बिघडतं. सूर्य साडेचारच्या पुढे मावळतो आणि नंतर काळोख पडायच्या ऐवजी पश्चिमेला लाल झळाळी चढत जाते, इतकी की न्यू हेवनला आणि हडसन काठच्या पोकिप्सीला आगीचे बंब बाहेर काढतात. आग नाही. तो क्राकाटोआ आहे. २७ ऑगस्टला सुंदा सामुद्रधुनीत उडालेला ज्वालामुखी. बातमी तारेने दुसऱ्या दिवशी जगभर झाली होती. त्याची धूळ आत्ता, तीन महिन्यांनी, अमेरिकेच्या ईशान्येला पोचतेय. सुंदा सामुद्रधुनीत झालेला स्फोट तार, पत्र आणि धूळ अशा तीन वेगांनी या शहरात येतो, त्यात टपालाचा नंबर मधला.

पोकिप्सीचं नाव तुम्हाला ओळखीचं वाटलं असेल. तिथल्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत या मुलीच्या अस्थींना जागा मिळणार आहे. ११ मार्च १८८६ ला पदवी, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात मृत्यू, क्षयाने. क्षयाचा जंतू रॉबर्ट कोख यांनी बर्लिनमध्ये मार्च १८८२ मध्ये दाखवलाय. म्हणजे या वर्गात शिकवताना प्राध्यापकांना रोगाचं कारण सांगता येतं. औषध, स्ट्रेप्टोमायसिन, साठ वर्षं लांब आहे. तिच्या खोकल्याकडे बघून तुम्हाला काही सांगावंसं वाटेल. अट आठवा. शिवाय सांगून करणार काय? शेगडीजवळ बस, दूध पी, गावाकडे हवापालटाला जा, एवढंच तुम्हालाही सांगता येईल, आणि तेवढं मावशी सांगतातच.

२९ तारखेला थँक्सगिव्हिंग. टर्की. बटाटा.

डिसेंबर. कोख यांचं नाव निघालंच आहे तर त्यांच्याकडे जाऊन येऊ. ते या महिन्यात बर्लिनमध्ये नाहीत. कॉलऱ्याचा माग काढत आधी इजिप्तला गेले, तिथली साथ ओसरली म्हणून पुढे निघाले आणि आता कलकत्त्यात आहेत. आनंदीबाई वैद्यक शिकायला ज्या गावाहून निघाली त्यापासून काही कोसांवर, हुगळीच्याच काठी, जगातला सगळ्यात चर्चेतला वैद्यक संशोधक तळ्यांचं पाणी तपासतो आहे. फेब्रुवारी १८८४ मध्ये तो स्वल्पविरामासारख्या वाकड्या जंतूचा अहवाल पाठवेल. लोकांना ते पटायला वेळ लागेल. म्युनिकचे म्हातारे पेटेनकोफर तर १८९२ मध्ये कोख चुकतात हे दाखवायला कॉलऱ्याच्या जंतूंचं पाणी घटाघट पितील आणि जुलाबांवर निभावतील.

पण ते सगळं पुढचं. नाताळच्या सुट्टीत मुली आपापल्या घरी जातात, ज्यांना घर आगगाडीच्या अंतरावर आहे त्या. जानेवारीत वर्ग भरतात, शवविच्छेदन जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू होतं. खांद्यापासून कोपरापर्यंत झालंय. थंडी आहे तोवर मनगट आणि बोटं उरकायला हवीत.